पोळी सोडून ज्वारीची भाकरी, तरी आईची जेवणानंतरची साखर उतरेना – मदत हवी आहे

आई 64 वर्षांची, मधुमेहाला 9 वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपूर्वी गव्हाची पोळी बंद करून भाकरी सुरू केली. "भाकरीत चोथा जास्त" असं जो तो सांगत होता. पण जेवणानंतर दोन तासांनी पूर्वी 225 यायची, आजही 215 येते. आणि चार वाजले की तिला चुरमुरे लागतातच, भूक आवरत नाही.

दुपारचं ताट असं: दोन भाकऱ्या, बटाटा किंवा वांगं, पातळ आमटी, शेवटी भात. पीठ ती बारीक चाळणीने चाळते.

काल वाचलं की 100 ग्रॅम ज्वारीत चोथा साधारण 10 ग्रॅम आणि न चाळलेल्या कणकेत 11! मग आम्ही बदललं तरी काय? जेवणाआधी इसबगोल द्यावं का?

प्रतिसाद

ताई, आकडे बरोबर आहेत. चोथा किती यापेक्षा कोणता हे इथे महत्त्वाचं. गहू-ज्वारीच्या कोंड्यातला बहुतेक चोथा पाण्यात विरघळत नाही. पोट साफ व्हायला तो चांगला, साखरेवर त्याचा परिणाम थोडाच. भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी बुळबुळीत होतं ना, तसा विरघळणारा चोथा पोटात दाट होतो. मग जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात हळूहळू उतरते आणि भूकही उशिरा लागते. ओट्स, जव, मेथ्या, इसबगोल यांत तो भरपूर, कडधान्यांतही बऱ्यापैकी.

माझ्या मते आधी ताट बदला. भात काढा, एकच भाकरी ठेवा आणि पातळ आमटीऐवजी मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ द्या. कोशिंबीर-उसळ आधी, भाकरी नंतर. माझ्या सासऱ्यांना या क्रमाने खरंच फरक पडला.

इसबगोल डॉक्टरांना विचारूनच. ते गोळ्यांचं शोषण लांबवू शकतं, म्हणून दोन तासांचं अंतर हवं, वर पेलाभर पाणी. साखर उतरू लागली की काही गोळ्यांनी ती फार खालीही जाते, तेव्हा मोजत राहा.

धागाकर्ती

खूप आभार! चाळणी आजपासून बंद. पण उसळीने आईला गॅस होतो, त्याचं काय?

प्रतिसाद

मोड आलेल्या मुगापासून सुरुवात करा, पाव वाटी, नीट शिजवून. आठवड्याने अर्धी. एकदम वाढवलं की पोट फुगतंच.