मिलचं आवार, कलेचं आवार : आपापले अनुभव सांगा

राजर्षी शाहूंनी १९०६ साली कोल्हापुरात काढलेली कापडाची शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात, तिथं प्रदर्शनं भरली. मिल असो, उद्यमनगर असो की कुंभारगल्ली, कष्टाच्या जागेत कला शिरताना काय पाहिलंत? मतं नंतर, आधी अनुभव.

कोटितीर्थाजवळून :
बाबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांना प्रदर्शनाला नेलं, तर मांडलेल्या फोटोंकडं ढुंकून बघितलं नाही. "हितं माझे साचे, तिथं मुकादम उभा," करत आवारभर हिंडले. साच्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, सगळा कारभार खुणांवर. पाणी पाहिजे, धागा तुटला, साहेब आला... सगळ्या खुणा त्यांनी करून दाखवल्या. कॉलेजची दोन पोरं तिथंच थांबली, व्हिडिओ काढायला लागली. मग बाबांनी खुणेनंच एकाला केस कापून ये म्हणून सांगितलं. असे जुने कामगार अजून गावात आहेत. आवाराचं पुढं काय व्हायचं ते होईल, आधी त्यांना बोलवा.

उद्यमनगर :
आमचा ओतकामाचा कारखाना. अधनंमधनं शिल्पकलेचे विद्यार्थी येतात. पंपाचं गिऱ्हाईक म्हणतं डाग काढ, हे म्हणतात डाग राहू दे! आमचा मोल्डर पहिल्यांदा चिडला होता, आता स्वतःच विचारतो, "हे घासू का ठेवू?" पैशाला मात्र ही मंडळी लई घासाघीस करतात.

बापट कॅम्प, मूर्तिकार :
आमच्याकडं कुणी कलानगरीचा फलक लावलेला नाही, आणि गरजही नाही. गणपतीच्या आधी दोन महिने घरातल्या बायका-पोरांसकट सगळे रंगात. २०१९ च्या पुरात मूर्ती पाण्यात गेल्या, तेव्हा कला बघायला कोण आलं नव्हतं. आम्हाला उंचावर कोरडी जागा द्या, एवढंच.

मंगळवार पेठ, हौशी नाटकवाला :
८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री आम्ही खासबागेकडं धावलो होतो. तालमी तर आधीपासूनच कुणाच्या तरी गच्चीवर, पाऊस आला की बंद. मिलमध्ये पंखा आणि दोन दिवे असलेली एक खोली तासाच्या भाड्यानं मिळाली तरी चालेल. संगमरवर नको, भाडं वाढतंय.