मुलांवर नव्या औषधांच्या चाचण्या कराव्यात का?

त्रयस्थ : मुलांवर चाचण्या करूच नयेत, ही भूमिका दयाळू वाटते, पण चाचणी टाळल्याने धोका टळत नाही, तो केवळ नोंदीबाहेर जातो. १९५०च्या दशकात नवजात बालकांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक सर्रास दिले जाई. त्यांचे अपरिपक्व यकृत ते निकामी करू शकत नसल्यामुळे औषध रक्तात साचे, बाळे राखाडी पडत आणि दगावत. हे नीट उघड झाले ते १९५९ साली, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या अर्भकांची तुलना झाली तेव्हा. तोवर प्रयोग चालूच होता, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नव्हते.

साशंक : उदाहरण बिनतोड आहे, निष्कर्ष नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेत १९५६ पासून कित्येक वर्षे मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करण्यात आली. पालकांच्या सह्या होत्या. मात्र १९६४ नंतर तेथील सर्वसाधारण प्रवेश गर्दीमुळे बंद असताना संशोधन विभागाचे दार उघडे होते. अशा अगतिक आईबापांच्या सहीला संमती म्हणायचे का? नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या, माणसांवरील प्रयोगांचे नियम सांगणाऱ्या १९४७च्या न्युरेंबर्ग संहितेने तर सहभागी होणाऱ्याची स्वतःची स्वेच्छासंमती अनिवार्य मानली होती, आणि ती लहान मूल देऊच शकत नाही.

त्रयस्थ : संहिता शब्दशः पाळली, तर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार पुढे सरकलेच नसते. १९६०च्या सुमारास क्वचितच वाचणारी ही मुले आज श्रीमंत देशांत दहापैकी जवळपास नऊ वाचतात, आणि त्यामागे एकापाठोपाठ झालेल्या चाचण्याच आहेत. विलोब्रुकमध्ये निरोगी मुलांना आजारी पाडले. इथे आजारी मुलांवर उपचार झाले.

मीमांसक : हाच भेद महत्त्वाचा आहे. मुलाला स्वतःला लाभ संभवत असेल, तर त्या प्रमाणात जोखीम पत्करता येते. लाभ केवळ पुढच्या रुग्णांचा असेल, तर एखाद्या रक्ततपासणीपलीकडे जाऊ नये, आणि समजत्या वयाच्या मुलाने नकार दिला तर तिथेच थांबावे.

साशंक : नियम मान्य. पण ‘लाभ संभवतो’ हे ठरवणार कोण? बहुधा ज्याचे औषध आहे तोच चाचणीचा आराखडाही लिहितो. चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीपुढे तोच आराखडा येतो, आणि आजाराने धास्तावलेले पालक डॉक्टरांच्या ‘कदाचित’चा अर्थ ‘नक्की’ असाच लावतात. त्यामुळे संमती घेणारा डॉक्टर उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, एवढी अट तरी तुम्हाला मान्य आहे का?

त्रयस्थ : मान्य आहे. दुर्मीळ आजारांत मात्र असा दुसरा जाणकार सहज मिळत नाही, आणि अटीपायी चाचणीच रखडणार असेल तर माझा तिला विरोध राहील.