चियांग माईच्या जुन्या शहरातली देवळं चालत बघायची आहेत: गाईड घ्यावा का, क्रम कसा लावावा?

दुसरं_गेट (टिळकवाडी)
दिवाळीनंतर थायलंड ठरतंय. बेंगळुरूहून बँकॉक, तिथून चियांग माई. सहा जण आहोत. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. सोबत शेजारचं जैन कुटुंब. बौद्ध देवळांच्या अर्ध्या दिवसाच्या ‘वॉकिंग टूर’ दिसतायत. कुणी चार देवळं म्हणतो, कुणी नऊ. गाईड लागतोच का? सुरुवात कुठून करावी? आईला झेपेल का? खाण्याचं काय? नेमकं सांगा. ‘जाऊन या, छान आहे’ एवढं आम्हालाही ठाऊक आहे.

खंदकवाला
नऊवाल्याला लांबूनच नमस्कार करा. जुनं शहर म्हणजे दीडेक किलोमीटर बाजूचा चौकोन, भोवती पाण्याचा खंदक. राजा मंगराईनं १२९६ मध्ये वसवलं. म्हणजे आपल्या बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती (१२०४), त्याहून थोरलं. आत पावलोपावली देवळं, त्यामुळं नऊ ‘होतात’, पण नुसते फोटो होतात.

चार देवळं, साडेतीन तास. था फे दरवाजापासून निघालात तर चियांग मान हे देऊळ आडबाजूला राहतं आणि शेवटी गळतं. म्हणून सकाळी आठला चियांग मानपासूनच सुरू करा. (‘वाट’ म्हणजे तिकडं मंदिर-मठाचं आवार, रस्ता नव्हे.) वाट चियांग मान शहरातलं सगळ्यांत जुनं. मागच्या चेदीचा (स्तूपाचा) पाया १५ हत्तींनी पाठीवर घेतलाय. १५८१ चा शिलालेखही इथंच, त्यात शहर वसवल्याची नोंद आहे. बाजूच्या छोट्या विहारात स्फटिकाचा बुद्ध आणि नालागिरी हत्तीला शांत करणाऱ्या बुद्धाची शिळा आहे. घाईत हा विहार हमखास सुटतो.

तिथून दक्षिणेकडं तीन राजांचा पुतळा. पाच मिनिटं पुरेत. पुढं वाट फान ताओ. सागवानी विहार, मुळात राजवाड्याचा दिवाणखाना, नंतर देवळासाठी दिलेला. दारावर मोर आणि त्याच्या पायाशी कुत्रा. कुत्रा हे, राजवाडा ज्याचा होता त्या राजाच्या जन्मवर्षाचं चिन्ह.

लगेच शेजारी वाट चेदी लुआंग. इथं तासभर द्या. १५४५ च्या भूकंपात चेदीचा माथा कोसळला, तरी उरलेला भाग मान मोडेपर्यंत उंच आहे. पूर्वेच्या कोनाड्यात १४६८ पासून पाचूबुद्ध होता (आज बँकॉकला आहे). आता तिथं प्रतिकृती. लोक समोरूनच फिरतात. तुम्ही दक्षिणेच्या अंगाला जा. तिथं पाच हत्ती दिसतील. चार सिमेंटचे, दुरुस्तीत बसवलेले. अगदी उजवीकडचा, कान-सोंड नसलेला, तेवढा मूळचा वीट-चुन्याचा. दुरुस्ती म्हणजे काय, हे त्या एका रांगेत कळतं.

शेवटी पश्चिमेला दहा-बारा मिनिटांवर वाट फ्रा सिंग. मोठ्या विहारात रमू नका. मागचा छोटा विहार लाई खाम बघा. लाल लाखेवर सोनेरी नक्षी, उत्तरेच्या भिंतीवर सांग थोंगची कथा, दक्षिणेच्या भिंतीवर सुवन्नहोंगची. चित्रातले लोक एकोणिसाव्या शतकातल्या लान्ना (तिकडच्या उत्तर भागातल्या) वेशात, म्हणून कपडे-दागिने नीट बघावेत.

रस्त्यावरचं चालणं दोनेक किलोमीटर, आवारातलं वेगळं. आई दमल्या तर चेदी लुआंगहून फ्रा सिंगला लाल सोंगथाव, म्हणजे बाकड्याची पिकअप, हात करून थांबवा.

निपाणी_कट्टा
क्रम बरोबर. गाईडचं सांगतो. थायलंडमध्ये पर्यटकांना माहिती सांगायचं काम थाई नागरिकांनाच राखीव आहे आणि परवाना लागतो. गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं, ते बघून घ्या. इथून सोबत येणाऱ्या टूर मॅनेजरनं देवळात उभं राहून माहिती द्यायची म्हटली तर अडचण होऊ शकते. ठरवतानाच विचारा: चेदी लुआंगला किती वेळ, तिकिटं धरून की वेगळी, सहाच जण की पंधरा? पंधरा असतील तर मागच्याला काही ऐकू येत नाही.

शब्दांचं भय बाळगू नका. विहान म्हणजे विहार, उबोसोत म्हणजे उपोसथगृह, चेदी म्हणजे चैत्य. फक्त एक लक्षात ठेवा: आपल्याकडं विहार म्हणजे अख्खी वास्तू, तिकडं विहान म्हणजे लोकांनी बसायचं सभागृह. भिक्षूंचे विधी उबोसोतात होतात. त्याभोवती सीमेचे दगड असतात.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बूट पाच-सहा वेळा काढावे लागतात, म्हणून लेसचे नकोत. अकरानंतर चेदीभोवतीची फरशी तापते. मोजे खिशात असू द्या. बसताना पाय मूर्तीकडं करू नयेत. आईंना खाली बसणं जमत नसेल तर भिंतीशी खुर्ची दिसते का बघा. नसेल तर मागं उभं राहिलं तरी चालतं. बाईनं भिक्षूला हात लावायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही.

बस्तवाड
जैन मंडळींसाठी: ‘मंगसाविरात’ म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं, कांदा, लसूण येऊ शकतं. तुम्हाला हवं त्या जेवणाला ‘जे’ म्हणतात. मांस, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, लांबून इंग्रजी सतरासारखी दिसतात. पण बटाटा, गाजर, मुळा ‘जे’मध्ये चालतात, ते वेगळं सांगायला लागतंय. ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी, ते भाजीतही पडतं. खाओ सोई (रश्शातल्या शेवया) मागवताना जपून: वाटणात कोळंबीची पेस्ट असू शकते, शेवया अंड्याच्या. कोरडा फराळ घरूनच न्या की, दशमी-चटणी दोन दिवस टिकते.

दुसरं_गेट
भरपूर मिळालं. दोनच शंका. बायकांना कुठं मनाई आहे का? आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास गेलं तर?

खंदकवाला
चेदी लुआंगच्या आवारात नगरस्तंभाचं छोटं मंदिर आहे, तिथं बायकांना आत सोडत नाहीत. बाहेर पाटी आहे. काही जुन्या उबोसोतांनाही तसंच. पटो न पटो, दारात वाद घालून उपयोग नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेलाच सहसा त्यांचं लोय क्राथोंग येतं. फान ताओच्या तळ्याकाठी दिवे लावतात. देखणं असतं, पण खोल्या महाग आणि रस्ते तुंबलेले. देवळं नीट बघायची असतील तर पुढचा आठवडा धरा. रविवार टाळा, दुपारनंतर राचादम्नोन रस्त्यावर बाजार भरतो आणि फान ताओच्या आवारातही खाण्याचे गाडे लागतात. मार्च-एप्रिलला मात्र ढकलू नका, शेतं आणि रानं पेटल्यानं तेव्हा शहरावर धूर बसतो. आणि थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) भरा. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.