हंगामातला ओव्हरटाइम: एकेरी दराचे सव्वाशे आणि दुप्पट दराचे सव्वाशे एकच का?

प्रश्न : हळद कारखानदार, कुपवाड

कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा हळद पॉलिश आणि पावडरीचा छोटा कारखाना आहे. कायम कामगार सोळा आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात सांगली मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली की आणखी चौदा जण हंगामापुरते घ्यावे लागतात. या चार महिन्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालवण्याची रीत वडिलांच्या काळापासून आहे, आणि आठ तासांवरच्या चार तासांचा ओव्हरटाइम आम्ही एकूण पगारावर, मात्र एकेरी दराने, देत आलो आहोत. चक्कीवरच्या अनुभवी कामगाराचा एकूण पगार 26,000 रुपये आहे, म्हणजे 26 दिवस आणि 8 तासांनी भागले की ताशी 125 रुपये पडतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे चार नवे कायदे) लागू झाल्यावर एका स्नेह्यांनी मला असा हिशेब मांडून दिला : या कामगाराचे मूळ वेतन 10,400, घरभाडे भत्ता 10,400 आणि प्रवास भत्ता 5,200 आहे. संहितेने वेतनातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीची रक्कम वेतनात मिळवायची, म्हणजे वेतन 13,000 ठरते. त्याचा ताशी दर साडेबासष्ट, आणि दुप्पट केला तर पुन्हा 125 रुपयेच. मग आम्ही आधीपासूनच कायद्याप्रमाणे देत आहोत, असे समजून स्वस्थ बसावे का? दुसरे असे की, महाराष्ट्रात आता बारा तासांना परवानगी मिळाली असे ऐकतो, तेव्हा आमच्या पाळ्या आपोआप नियमात बसतात का?

उत्तर : पगारपत्रकाची कामे पाहणारा, सांगली

आपल्या स्नेह्यांचे गणित बरोबर आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. आधी मागचे पाहू. संहिता लागू होईपर्यंत आपल्याला कारखाने अधिनियम, 1948 लागू होता आणि त्याच्या कलम 59 मध्ये ओव्हरटाइमसाठी जो सर्वसाधारण दर धरायचा तो मूळ वेतन अधिक भत्ते असा होता. बोनस आणि स्वतः ओव्हरटाइम तेवढे त्यातून वगळलेले होते. म्हणजे 26,000 वर ताशी 125 हा एकेरी दर, आणि देणे 250 होते. तेव्हा आपण निम्मेच दिले आहे. वेतनाची पन्नास टक्क्यांची नवी व्याख्या ही तूट मागच्या तारखेने भरून काढत नाही. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. जुन्या थकबाकीचे काय करायचे हे एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाबरोबर बसून ठरवा. मला विचाराल तर, मागणी येण्याआधी आपणहून हिशेब करून दिलेला बरा.

आता पुढचे. वेतन संहितेच्या व्याख्येत घरभाडे आणि प्रवास भत्ता वगळलेले आहेत हे खरे, पण त्याच व्याख्येत असेही म्हटले आहे की वेतन चुकते करण्याच्या प्रयोजनासाठी हेच दोन भत्ते हिशेबात धरायचे. ओव्हरटाइमचा दर कोणत्या आधारावर काढायचा यावर वाद उभा राहिला तर 13,000 चा आकडा टिकेलच, असे मी तरी कोणाला लिहून देणार नाही. आणि तो टिकला तरी त्याचे ओझे दुसरीकडे येते. ओव्हरटाइमसाठी वेतन 13,000 म्हणायचे आणि भविष्य निर्वाह निधी मात्र 10,400 वर भरायचा, असे दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाहीत. बारा टक्क्यांनी 1,248 च्या जागी 1,560 रुपये भरावे लागतील, तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे कामगाराच्या हातातले 312 रुपये कमी होतील आणि तो विचारायला येईल. ग्रॅच्युइटी पंधरा भागिले सव्वीस या सूत्राने दर वर्षामागे 6,000 ऐवजी 7,500 होते. शिवाय ज्याला आपण 21,000 च्या वर म्हणून कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर ठेवले होते, त्याचे वेतन 13,000 ठरले तर तो पुन्हा योजनेत येऊ शकतो, आणि मग मालकाचे सव्वातीन टक्के व कामगाराचे पाऊण टक्का सुरू होतात.

आणखी एक बारकावा राहिला. काही कारखान्यांच्या पगारपत्रकात ‘इतर भत्ता’ किंवा ‘खास भत्ता’ असे एक जादाचे खाते असते. वगळलेल्या बाबींच्या यादीत असे मोघम नाव नाही, त्यामुळे ती रक्कम सरळ वेतनातच येते. आपल्या पत्रकात मूळ वेतन आणि घरभाडे भत्ता एकाच आकड्याचे आहेत हे पाहून मला थोडे हसू आले. वर्षानुवर्षे आपण सगळेच मूळ वेतन दाबून भत्ते फुगवत आलो, आणि त्याचीच आता परतफेड होते आहे. मूळ वेतन व महागाईनुसार बदलणारा सरकारी विशेष भत्ता (वरचा ‘खास भत्ता’ नव्हे) मिळून किमान वेतनाच्या दराखाली तर जात नाही ना, हे हंगामी मदतनीसांच्या बाबतीत सर्वांत आधी तपासा, कारण महाराष्ट्रात तो विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो आणि पुष्कळांचे पत्रक मागच्या सहामाहीतच राहते.

उत्तर : मिरज औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग उत्पादक

बारा तासांबद्दल लिहितो, कारण हाच गैरसमज आमच्याकडेही झाला होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास मात्र तसेच राहिले. म्हणजे एखादा दिवस बारा तासांचा करता येईल, पण सलग सहा दिवस बारा तास साध्या हिशेबात बसत नाहीत.

आता आपला हंगाम घ्या. तिमाही जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशी मोजतात, त्यामुळे आपले चार महिने सुदैवाने दोन तिमाहींत विभागले जातात. फेब्रुवारी-मार्चचे साधारण 52 दिवस आणि रोजचे चार जादा तास म्हणजे 208 तास होतात. मर्यादा 144 धरली तरी 64 तास वर जातात, आणि एप्रिल-मे मध्ये पुन्हा तेच. 144 तासांना 52 ने भागले की रोज पावणेतीन तास येतात. तेव्हा दर कोणताही लावा, दोन पाळ्यांची जुनी रीत बसत नाही, हा खरा मुद्दा आहे. शिवाय नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते. ती आम्ही प्रत्येकाकडून तिमाहीच्या सुरुवातीला लेखी घेतो.

आम्ही तीन पाळ्या केल्या आणि गर्दीच्या दिवसांसाठी ठराविक मुदतीच्या नेमणुका दिल्या. मुदतीच्या कामगाराला त्याच कामाच्या कायम कामगाराइतकेच वेतन व सवलती द्याव्या लागतात, नेमणूकपत्र द्यावेच लागते आणि वर्षभर सेवा झाली तर ग्रॅच्युइटीही लागू होते. आपल्या चार महिन्यांच्या लोकांना ती लागणार नाही. त्यांचा शेवटचा हिशेब मात्र काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. ‘यार्डातले पैसे आले की देतो’ हे सांगली-मिरजेचे नेहमीचे उत्तर तिथे चालणार नाही. हंगामाआधी दिलेली उचल कापतानाही एका पगारातील सर्व कपाती मिळून निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, त्यामुळे मोठी उचल एकदम वळती करण्याचा विचार सोडा.

पाळ्या बदलताना किंवा ओव्हरटाइमचा हिशेब बदलताना एक काळजी घ्या. कामगारांच्या सेवाशर्तीत त्यांच्या तोट्याचा बदल करायचा असेल तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे 21 दिवसांची बदलाची नोटीस द्यावी लागते. आमच्या शेजारच्या एका कारखान्याने नोटीस न देता दर खाली आणला. त्याची किंमत त्यांना आठवडाभर काम बंद राहून मोजावी लागली.

उत्तर : तीस वर्षे चक्कीवर काम केलेला, माधवनगर

मालक मंडळींची चर्चा वाचली, म्हणून कामगाराच्या बाजूने दोन शब्द लिहितो. ओव्हरटाइम आम्हांला नको असतो असे नाही. मुलाची फी आणि घराचा हप्ता हंगामाच्या जादा तासांवरच निघतो. त्यामुळे बारा तासांची पाळी कमी झाली की पहिली तक्रार आमच्यातूनच येईल, हे कारखानदारांनी गृहीत धरावे. ती तक्रार दराने मिटते, कारण पावणेतीन तास खऱ्या दुप्पट दराने मिळाले तर चार तास एकेरीने मिळाल्यापेक्षा जास्त हाती पडतात : 125 च्या हिशेबात चार तासांचे 500 आणि 250 च्या हिशेबात पावणेतीन तासांचे 687 रुपये 50 पैसे. हा आकडा फळ्यावर लिहून दाखवा, लगेच कळेल.

दुसरे म्हणजे हजेरीपटावर आठ तास आणि वेगळ्या वहीत जादा तास, ही पद्धत बंद करा. मी स्वतः खिशातल्या डायरीत रोजचे तास लिहीत असे आणि एकदा तीच डायरी साहेबांपुढे उपयोगी पडली. वेतनचिठ्ठीवर साधे तास, जादा तास आणि दर असे तीन आकडे वेगवेगळे छापलेले असतील, तर डायरी ठेवायची गरजच कोणाला वाटणार नाही. यार्डातील हमालांचे मात्र यात मिसळू नका. त्यांची मजुरी 1969 च्या माथाडी कायद्याखाली मंडळामार्फत होते आणि तिचे नियम वेगळे आहेत.

प्रश्नकर्ता : हळद कारखानदार, कुपवाड

सर्वांचे आभार. मी काल रात्री मागील दोन हंगामांचे पत्रक काढून बसलो. चक्कीवरच्या सहा जणांच्या जादा तासांची तूट अपेक्षेपेक्षा बरीच मोठी आहे, पण हप्त्यांनी देता येण्याजोगी आहे. वकिलांशी बोलून तिचा लेखी करार करतो. भत्त्यांच्या वाटणीत शिरण्यापेक्षा पुढील हंगामासाठी ओव्हरटाइम एकूण पगारावरच दुप्पट, म्हणजे 250 रुपये धरून, हळद पॉलिशचा भाव पुन्हा काढला. क्विंटलमागे पडणारा फरक व्यापाऱ्यांना पटवता येईल इतकाच आहे, पण तो जानेवारीतच सांगावा लागेल, आवक सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. तिसऱ्या पाळीसाठी आठ माणसे जास्त लागतील, त्यातली पाच कवठेमहांकाळकडून येणारी आहेत. त्यांच्या राहण्याची सोय आम्ही केली तर तिचे मूल्य वेतनात धरायचे की नाही, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : पगारपत्रकाची कामे पाहणारा, सांगली

राहण्याच्या सोयीचे मूल्य वगळलेल्या बाबींतच येते, त्यामुळे ते वेतनात धरायचे नाही. मात्र वगळलेल्या बाबींची एकूण बेरीज निम्म्यापुढे जाते का, हे मोजताना तेही त्यात येते. खोलीचे भाडे ठरवून त्याची नोंद नेमणूकपत्रातच करा. भाडे पगारातून कापणार असाल तर तेही कपातीच्या निम्म्या मर्यादेत बसवा.