नैराश्यावरच्या समुपदेशनाला पदवी हवीच का? (ऑनलाइन मंचावरची चर्चा)

अबोली
नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला बोलते करणे आणि पुन्हा उभे करणे हे केवळ पदवीधर मानसशास्त्रज्ञाचेच काम आहे, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. या गृहीतकापायी तालुक्याच्या गावातल्या माणसाच्या वाट्याला एक तर झोपेची गोळी येते, नाही तर भगत येतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य, चिंता यांसारखे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्या हयातीत तयार होणार नाहीत.

गोव्यातला एक प्रयोग मुद्दाम मांडते. ‘संगाथ’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. तिच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याची लक्षणे बऱ्यापैकी तीव्र असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला समुपदेशनाची सहा ते आठ सत्रे मिळाली. ही सत्रे घेणाऱ्यांपैकी कोणीही मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण घेतलेले नव्हते. ती प्रशिक्षण देऊन तयार केलेली स्थानिक माणसे होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के आणि दुसऱ्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते.

उपचार म्हणून काय केले, तर नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडल्यामुळे अधिकच खचतो, हे चक्र उलटे फिरवले. आठवड्याच्या कागदावर रोज काय केले आणि त्यानंतर मनाला कसे वाटले हे मांडायचे, सुटलेल्या कामांतले एखादे, म्हणजे सकाळी अंगणापर्यंत जाणे किंवा बहिणीला फोन करणे, पुढच्या आठवड्यासाठी ठरवायचे, आणि ते झाले नाही तर का झाले नाही याचा, दोष न देता, दोघांनी मिळून शोध घ्यायचा. यासाठी चिकित्सा मानसशास्त्रातली एम.फिल. पदवी लागतेच, असे मला वाटत नाही.

टाचण
मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे माझा हितसंबंध आधीच सांगून ठेवतो. अबोलीताईंनी दिलेले आकडे खरे आहेत. त्यांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

पहिली अडचण निदानाची आहे. ‘कशातच मन लागत नाही, थकवा येतो, झोप नाही’ असे सांगणाऱ्या बाईला नैराश्य असेल, तिची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असेल, किंवा तिला मनःस्थिती कधी अति चढणारा, कधी अति उतरणारा द्विध्रुवीय विकार असेल आणि आज दिसते आहे ती त्यातली केवळ उतरती बाजू असेल. नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली की सत्तावीसपैकी गुण मिळतात, परंतु हा फरक कळत नाही. तो ओळखण्यासाठीच भारतीय पुनर्वास परिषदेने नोंदणीपूर्वी आमच्याकडून दोन वर्षे रुग्णालयात काम करून घेतले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोव्यात प्रत्येक सत्राच्या पाठीशी देखरेख होती. सत्रांची ध्वनिमुद्रणे सहकाऱ्यांच्या गटात ऐकली जात आणि त्यांवर चर्चा होई. हाच प्रयोग सरकारी योजना झाला, तर प्रशिक्षणाचा फोटो निघेल, प्रमाणपत्रे वाटली जातील आणि देखरेख तेवढी गाळली जाईल. तसे झाले तर या प्रयोगात जे औषध होते तेच बाटलीबाहेर राहिले, असे मी म्हणेन.

काळी माती
टाचण यांचा अनुभव मान्य आहे, पण पदवीवरचा त्यांचा विश्वास मला पटत नाही. मी शहरात नोकरीला असताना ज्या पहिल्या समुपदेशकाकडे गेलो, त्यांच्या भिंतीवर भरपूर प्रमाणपत्रे होती आणि तासभर त्यांनी मला सकारात्मक विचारांवर व्याख्यान दिले. पैसे देऊन मी तिथून अधिक अपराधी वाटून बाहेर पडलो. दुसऱ्या बाईंनी मात्र माझ्याकडून एक वाक्य कागदावर लिहून घेतले: ‘बढती मिळाली नाही, म्हणजे मी नालायक आहे.’ मग या वाक्याच्या दोन अर्ध्यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय, तो कोणत्या पुराव्यावर ठरला, आणि हाच निकाल मी माझ्या मित्राला लावला असता का, हे त्या विचारत राहिल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, हे मला नंतर समजले. मला उपयोग झाला तो या शिस्तीचा, आणि ती शिकवता येते.

तिफण
सगळी चर्चा शहाणपणाची आहे, पण मी विदर्भातून लिहितो आहे आणि मला एक प्रश्न पडतो. कपाशीवर बोंडअळी पडली, सोसायटीचे कर्ज थकले, सावकार दारात आला, अशा माणसाने कागदावर ‘आज काय केले आणि मनाला कसे वाटले’ हे लिहायचे काय? त्याच्या दुःखाला बाहेर सबळ कारण आहे. ते कारण तसेच ठेवून त्याच्या मनावर उपचार करणे म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे होय. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शासनाने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, आशा स्वयंसेविकांना घरोघरी फॉर्म भरायला लावले. फॉर्म भरले गेले, पण कर्ज होते तिथेच राहिले.

शिवाय देशात आत्महत्या करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के पुरुष असतात, तर गोव्याच्या त्या प्रयोगात बहुसंख्य स्त्रिया होत्या. सकाळी दहा वाजता आरोग्य केंद्राच्या बाकावर आमच्याकडचा कोणता पुरुष ‘मला रडू येते’ असे सांगायला बसणार आहे?

पायवाट
माझी आई आशा आहे, म्हणून तिफण यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरुग्णांच्या गोळ्या, शिवाय वेळोवेळी निघणारी सर्वेक्षणे, हे सारे तिच्याकडे आधीच आहे आणि मानधनासाठी २०२४ मध्येही या बायकांना संपावर जावे लागले. त्यात आता लोकांची मनेही तिनेच सांभाळायची असतील, तर त्या कामाचा पगार कोण देणार, हे आधी ठरवावे.

दुसरे म्हणजे गुप्तता. सुनेने आपला त्रास जिला सांगायचा, ती बाई सासूच्या भिशीतली असते. आई कोणाचे काही बाहेर बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. सांगणारीला त्याची खात्री कशी वाटावी? म्हणून गावातल्या बायका ‘डोके जड होते, अंगात मुंग्या येतात’ एवढेच बोलतात आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेऊन घरी जातात.

अबोली
पायवाटताई, गोव्यातले समुपदेशक त्याच कामासाठी नेमलेले होते, कोणाच्या चालू कामावर ते लादलेले नव्हते. मीही आशाताईंच्या नव्हे, तर केंद्रातल्या स्वतंत्र, पगारी पदाच्या बाजूने बोलते आहे, आणि समुपदेशक शेजारच्या गावचा असावा, म्हणजे भिशीचा प्रश्न निम्मा तरी सुटेल. टाचण यांची देखरेखीची अट मला पूर्णपणे मान्य आहे. निदानाची शंका असेल किंवा जिवाला धोका दिसत असेल, तिथे रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

तिफण, कर्जमाफीऐवजी समुपदेशन, असे कोणीही म्हणू नये. मी तर मुळीच म्हणणार नाही. परंतु तेवढेच कर्ज असलेल्या अनेक शेतकऱ्यांपैकी एखादाच विषाची बाटली उघडतो आणि बाकीचे बँकेच्या, वकिलाच्या, भावकीच्या पायऱ्या झिजवत राहतात. या एकाची बँकेच्या पायरीपर्यंत जाण्याची उमेद आजाराने खाल्लेली असते. ती परत मिळवून देणे म्हणजे त्याला दोषी ठरवणे नव्हे.

तिफण
हे म्हणणे मला निम्मे पटते. पण मग तुमचा समुपदेशक केंद्रात बसून चालणार नाही. तो संध्याकाळी पारावर, दूध संकलन केंद्रावर, कृषी सेवा केंद्राच्या दुकानात गेला पाहिजे, आणि त्याच्याजवळ बँकेच्या कर्ज पुनर्गठनाचा अर्जही असला पाहिजे. रात्री दोन वाजता कोणाला गरज पडली, तर २०२२ पासून सुरू असलेला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. आमच्या कृषी केंद्रात कीटकनाशकांच्या दरांचा फलक टांगलेला असतो; हा क्रमांक मला तिथे अजून एकदाही दिसलेला नाही.

टाचण
कीटकनाशकाच्या दुकानात तो क्रमांक लावण्याची सूचना मला या धाग्यातली सर्वांत कामाची वाटली. बँकेचा अर्ज मात्र समुपदेशकाच्या हाती देऊ नका. ज्याच्याकडे कर्जाचे काम अडले आहे, त्याच्यासमोर कोणीही मन मोकळे करत नाही. तिथे माणूस बरा असल्याचे नाटक करतो. ही दोन माणसे वेगवेगळीच असू द्यावीत.