१९७१ ची रॉक गाणी आपण खरोखरच रेडिओवर ऐकली होती का?

सूरसागरकाठी:
काल बडोदेकरांच्या गटात "रावपुरा सत्तर" यांनी लिहिले की, १९७१ साली ते आणि त्यांचे मित्र रात्र रात्र रेडिओला कान लावून लेड झेपेलिन या इंग्रज रॉक गटाचे 'स्टेअरवे टू हेवन' ऐकत असत, तसे संगीत पुन्हा झाले नाही, आणि आजच्या मुलांना त्याची कल्पनाही येणार नाही. मुलांवरचा ताशेरा मी सोडून देतो, कारण आमच्या वडिलांनीही आमच्याविषयी हेच म्हटले होते. परंतु ज्या तबकडीवर हे गाणे आहे ती ८ नोव्हेंबर १९७१ रोजी बाहेर पडली. गाणे आठ मिनिटांचे आहे आणि कंपनीने आग्रह धरूनही त्या मंडळींनी अमेरिकेत ते सुटे, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर, काढू दिले नाही. फर्माइशीच्या कार्यक्रमात तीन मिनिटांच्या छोट्या तबकड्या वाजत असत. तेव्हा त्या वर्षीच्या उरलेल्या सात आठवड्यांत कोणत्या केंद्राने हे गाणे बडोद्यापर्यंत रात्र रात्र पोहोचवले, हे मला समजून घ्यायचे आहे.

आमच्याही घरी रेडिओ होता. लाकडी पेटीचा, आतले दिवे तापायला मिनिटभर लागत आणि मग केंद्र नीट लागल्याचे दाखवणारा हिरवा डोळा हळूहळू मिटत येई. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली होती आणि तिच्यावर कोणी टॉवेल वाळत घातला की वडील संतापत. पोस्टात जाऊन लायसन्सच्या पुस्तिकेवर तिकिटे लावून आणण्याचे काम माझे होते. या यंत्रातून बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींचा आवाज येत असे, तोही लाटेसारखा चढत-उतरत. 'स्टेअरवे' मी प्रथम १९७६ मध्ये ललित कला विद्याशाखेत शिकणाऱ्या एका मित्राच्या कॅसेटवर ऐकले. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच झाले असावे आणि कॅसेटवरचे गाणे आठवणीत मागाहून रेडिओवर जाऊन बसले असावे, असे माझे मत आहे.

रावपुरा सत्तर:
आपण तारखा उत्तम पाठ केल्या आहेत, त्याबद्दल अभिनंदन. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि बहिरा नव्हतो. एका गाण्याच्या नावात माझी गल्लत झाली असेल, पण म्हणून माझे सगळे तारुण्य कॅसेटवर ढकलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक प्रसंग सांगतो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. कोयलीची रिफायनरी जवळ असल्याने आमच्याकडे ब्लॅकआउट कडक होता. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलेला होता आणि रेडिओच्या डोळ्याचासुद्धा उजेड दिसू नये म्हणून आईने त्यावर वहीचे तपकिरी वेष्टन खळीने चिकटवले होते. त्या अंधारात बीबीसीच्या बातम्या संपल्यावर काटा थोडा पुढे सरकवला आणि डीप पर्पल या गटाच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चे ते पहिले चार सूर कानावर आले. अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो. हेही माझ्या आठवणीत मागाहून येऊन बसले, असे आपण म्हणणार का?

सूरसागरकाठी:
होय, नाइलाजाने म्हणणार. स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या कसिनोला ४ डिसेंबर १९७१ रोजी आग लागली. फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील कोणीतरी छताकडे फ्लेअर, म्हणजे जळता बाण, सोडली आणि इमारत जळाली. डीप पर्पलची मंडळी ध्वनिमुद्रणासाठी त्याच गावात आलेली होती. त्यांनी तलावावर पसरलेला धूर पाहिला आणि गाणे रचले. तबकडी मार्च १९७२ मध्ये आली आणि सुटे गाणे तर १९७३ मध्ये. १७ डिसेंबरला आपल्याकडे युद्धविराम झाला. म्हणजे तलावावरचा धूर पुरता विरण्यापूर्वीच आपण गाणे ऐकलेत. आपला रेडिओ फारच शक्तिशाली असला पाहिजे.

दांडिया बाजारची पेटीवाली:
दोघांचेही वाचले. आपण १९७१ हे गिटारचे वर्ष म्हणून साजरे करत आहात, म्हणून लिहिणे भाग आहे. त्याच वर्षी आकाशवाणीने हार्मोनियमवरची बंदी उठवली आणि तीही पूर्णपणे नव्हे. मार्च १९४० पासून तीस वर्षे हे वाद्य रेडिओवर निषिद्ध होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज गृहस्थांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथांनीही पत्र लिहून तिला विरोध केला आणि निकाल लागला. त्याबद्दल कोणाच्या अंगावर काटा येत नाही.

माझे वडील पेटीची साथ करत. गायकांबरोबर ते रेडिओ केंद्रावर जात, पण पेटी घरी ठेवून, नुसते सोबतीला म्हणून. गवयाच्या मागे बसून ते मांडीवर बोटे फिरवत असत, असे त्या गवयांनीच मला नंतर सांगितले. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली ती पेटी अजून माझ्याकडे आहे.

तिसरा मजला, सयाजीगंज:
ताई, आपल्या वडिलांविषयी पूर्ण आदर राखून लिहितो. बंदी अन्यायकारक असली तरी तिच्यामागचा आक्षेप संगीताचा होता. पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली जागा तिला दाखवताच येत नाही, म्हणून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, आंदोलन (सुराचे सावकाश डुलणे) नाही, दरबारी रागाचा तो डुलता गंधार नाही. याउलट गिटारवादक तार बोटाने ओढून सूर चढवतो आणि ती खरी मींड असते. त्यामुळे शास्त्र पाहिले तर आपल्या रेडिओवर इलेक्ट्रिक गिटारला पेटीपेक्षा अधिक हक्क होता, असेच म्हणावे लागेल.

दांडिया बाजारची पेटीवाली:
हा हक्क देणारे आपण कोण? मींड येत नाही ती गायकाने घ्यायची असते, पेटीने त्याला उभे राहायला जमीन द्यायची असते. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकून कान तयार झालेल्या पिढ्यांना सारंगी ऐकू येत नव्हती, असे आपल्याला म्हणायचे आहे का? चाळीस वर्षे मी मुलांना शिकवते आहे. ज्या मुलाला पेटीवर सा सापडत नाही, त्याला तंबोऱ्यावरही सापडत नाही.

आणि आपल्या लाडक्या १९७१ बद्दल सांगायचे तर, माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलाने मला 'बाबा ओ'राइली' हे 'द हू' या इंग्रज रॉक गटाचे गाणे मुद्दाम ऐकवले. त्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, ज्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे. दुसरे नाव टेरी राइली या अमेरिकन संगीतकाराचे. सुरुवातीला जी स्वरांची कारंजी उडत राहतात ती त्या गटाच्या पीट टाउनशेंडने घरगुती ऑर्गनवर काढली आहेत. ऑर्गन म्हणजे पेटीची श्रीमंत मावसबहीण. तिला भाता नाही, सूर विजेवर निघतात, एवढाच फरक. तिथे गिटार बराच वेळ गप्प बसते आणि मग आत येते. माझ्या वडिलांनाही असेच गप्प बसवले होते, पण आत येऊ दिले नाही.

तिसरा मजला, सयाजीगंज:
ऑर्गनचा मुद्दा बरोबर आहे, तो मी मान्य करतो. मावसबहिणीचा नाही.

मांडवीचा जावई:
सगळा दोष फोल्ड्स साहेबांना देऊन आपले लोक नामानिराळे राहतात, याचे मला आश्चर्य वाटते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते हाती घेतल्यावर चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हुसकावणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपलेच, पुण्याचे. त्यांनी ते केले नसते तर कोणी सिलोनकडे काटा वळवला नसता. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि आकाशवाणीला शहाणपण येऊन विविध भारती निघायला ऑक्टोबर १९५७ उजाडले. एका मराठी मंत्र्याच्या शुद्ध अभिरुचीमुळे अर्ध्या देशाला शॉर्टवेव्ह लावता येऊ लागली, हे उपकार मोठेच आहेत.

दांडिया बाजारची पेटीवाली:
केसकरांनी रागसंगीताला जे व्यासपीठ दिले, त्यावर आपण चढला असतात तर असे लिहिले नसते. मात्र त्यांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत पेटी बाहेरच राहिली, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे त्यांची बाजू मी अर्धीच घेते.

रावपुरा सत्तर:
विषय माझा, आणि सभा पेटीची झाली. असो. सूरसागरांच्या समाधानासाठी सांगतो, की काल रात्री माळ्यावरून जुनी वही काढली. गाणी ऐकली की मी त्यात नाव आणि तारीख लिहीत असे. 'स्मोक ऑन द वॉटर'पुढे ऑगस्ट १९७३ आहे. ब्लॅकआउट खरा, तपकिरी कागद खरा, गाणे दुसरे. 'स्टेअरवे' वहीत कुठेच नाही. आपला विजय झाला, पेढे कंदोईकडचे (मिठाईवाल्याकडचे) आणावेत.

परंतु त्याच वहीत १९७१ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज हॅरिसनचे 'माय स्वीट लॉर्ड' आहे आणि त्याची साक्षीदार माझी आजी होती. ती देवघरात वाती वळत बसलेली असताना रेडिओवर आधी हालेलुया आणि मग हरे कृष्ण आले. तिने वाती तशाच ठेवून मला आवाज मोठा करायला सांगितला. पुढे 'गुरुर्ब्रह्मा' आल्यावर ती त्यांच्याबरोबर म्हणू लागली आणि त्या मंडळींची लय तिला चुकीची वाटली म्हणून पुन्हा सावकाश म्हणून दाखवले. तोवर गाणे संपले होते. हे कोणत्याही कॅसेटवर नव्हते.

सूरसागरकाठी:
हे गाणे सुटे निघाले होते, पाच मिनिटांच्या आतले आहे आणि १९७१ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. त्यामुळे एप्रिलमध्ये ते शॉर्टवेव्हवरून बडोद्यात आले असणार, हे मला मान्य करावे लागते. अमेरिकेत ते नोव्हेंबर १९७० मध्येच आले होते, एवढी नोंद मात्र वहीच्या समासात करून ठेवावी. आजींच्या लयीबद्दल माझी कसलीही शंका नाही.

दांडिया बाजारची पेटीवाली:
आपली तडजोड झाली असेल तर एक विचारते. वडिलांच्या पेटीचा काळी दोनचा सूर बसला आहे आणि भाता उजवीकडून वारा सोडतो. पूर्वी हे काम करणारे गृहस्थ आता नाहीत. मांडवी किंवा रावपुरा भागात कोणी कारागीर उरला असल्यास कळवावे.

रावपुरा सत्तर:
ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण अजून बसतो. हल्ली तो मुख्यतः गिटारच्या तारा बदलून देतो, पण पेटीलाही हात लावतो. उद्या विचारून सांगतो.