पगारी पीएचडीसाठी एकोणीस अर्ज केले, मुलाखत एकही नाही. कुठे चुकतंय?

प्रश्न

नमस्कार. माझं रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय, प्रबंध लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर. सात महिन्यांत युरोपातल्या पगारी पीएचडीच्या एकोणीस जागांना अर्ज केले. बहुतेकांचा दोन ओळींचा नकार आला, काहींनी तेही कळवलं नाही. गुण चांगले आहेत, पण छापून आलेला पेपर (शोधनिबंध) एकही नाही. पेपर नसला की अर्ज वाचतच नाहीत का? की आधी प्राध्यापकांना मेल करायला हवा होता? खूप खचल्यासारखं झालंय.

उत्तर

मलाही पेपर नसताना जागा मिळाली, तेव्हा ते मनातून काढा. मारी क्युरी नेटवर्कमधल्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या निधीतल्या, जागा असतील तर एक अट नीट बघा: नेमणुकीच्या आधीच्या 36 महिन्यांत, जागा ज्या देशात आहे तिथे तुमचं वास्तव्य किंवा मुख्य काम 12 महिन्यांहून जास्त झालेलं चालत नाही. नागरिकत्व कुठलंही चालतं.

उत्तर

मी स्वीडनमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतोय. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका जागेचे अर्ज पहिल्या फेरीत मी वाचले, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा रीतसर नोकरी. संशोधन चार वर्षांचं. शिकवण्याचं वगैरे काम जास्तीत जास्त 20 टक्के, ते धरून पाच वर्षं होतात. जागा जाहिरातीतूनच भरतात, त्यामुळे नुसत्या मेलवर कुणी घेत नाही. प्रकल्पाबद्दल खरोखरच काही विचारायचं असेल तर जरूर मेल करा.

बहुतेक अर्ज सोबतच्या पत्रातच मागे पडले. ‘मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य इतक्या पत्रांत होतं की कोणतं कुणाचं ते आठवेना. एका मुलीचं पत्र मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. तिच्या सेलची क्षमता फार लवकर उतरत होती. आधी तिला इलेक्ट्रोडचा दोष वाटला. मग तिनं कार्ल फिशर पद्धतीनं इलेक्ट्रोलाइटमधलं पाणी मोजलं, तर ते जास्त निघालं. पाण्यामुळे इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट या क्षाराचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, आणि ते इलेक्ट्रोडला खातं. हे सगळं सहा ओळींत. पेपर तिचाही नव्हता. ही मुलगी अडली की काय करते ते आम्हाला कळलं, तिला मुलाखतीला बोलावलं.

शिफारसपत्राचं सरांना तीन आठवडे तरी आधी सांगा, सोबत जाहिरात आणि तुमचं पत्र पाठवा. नाहीतर ‘मेहनती विद्यार्थिनी’ एवढंच लिहून येतं, आणि त्यावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. माझं पत्र उघडून पाहिलं, पहिलं वाक्य जवळजवळ तेच आहे. आणि एकोणीस ठिकाणी फक्त विद्यापीठाचं नाव बदललंय. माझ्या प्रबंधातला एक प्रयोग फसला होता, चार महिने गेले त्यात. तो लिहिला तर वाईट दिसेल का?

उत्तर

उलट तोच लिहा. काय फसलं, कशावरून कळलं, पुढे काय बदललंत, या क्रमानं. मग त्या गटाचा अलीकडचा एखादा पेपर वाचून, तुमच्या कामाचा धागा तिथे कुठे जुळतो ते दोन वाक्यांत सांगा. पुढच्या अर्जाची मुदत कधी आहे? त्याआधी पत्राचा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सांगेन.